गुऱ्हाळावर बसलेले दोन पंच

सर्जा,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'सुटलो'. मग रडलो. आधी रडलो असतो आणि नंतर सुटलो म्हणालो असतो, तरी स्वतःला कसंबसं माफ केलं असतं. पण झालं ते उलटं, आणि ते सुनंदानं ऐकलं. तिनं गॅस बारीक केला आणि विचारलं, "कशातून सुटलात?" मी म्हणालो, "अगं, सर्जेराव सुटला. त्रास न होता गेला." बायकोशी खोटं बोलायला मला कधी फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी माझा मलाच धाक वाटला.

ऑफिसातल्या मंडळींनी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तुझी नोकरी, तुझ्या म्हशी, तुझा मोकळा स्वभाव, निवृत्तीनंतरही रोज सकाळी गडमुडशिंगीहून शाहूपुरीपर्यंत दुधाचे कॅन घेऊन येणं, हे सगळं दुसरा कुणीही लिहील, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहील. मला लिहायचं आहे ते त्यात बसणार नाही. म्हणून हे तुलाच लिहितो आहे. नंतर त्यांनाही देईन, छापायचं तर छापोत.

तू मला भागूबाई म्हणायचास. चारचौघांत म्हणायचास, आणि मला राग येत नसे कारण ते खरंच होतं. साहेबांची बेल वाजली की मी चष्मा पुसायला घेत असे. कुत्रं दिसलं की रस्ता बदलत असे. तीस वर्षं आपली टेबलं शेजारी होती आणि तीस वर्षांत एकदाही मी कुठल्या कागदावर स्वतःहून शेरा मारला नाही. आधी तुझ्याकडं सरकवायचो. तू न वाचता म्हणायचास, "मार की सही, काय फाशी देत्यात काय?"

हे वाक्य तू किती वेळा म्हणाला असशील. आता लिहितानाही हात थांबला.

त्या दिवशी आपल्या ऑफिसला पोलीस ठाण्याचं पत्र आलं होतं. गंभीर गुन्ह्यात पंच म्हणून दोन सरकारी कर्मचारी पाठवावेत. पंचाचं काम काय, तर पोलीस जे करतात ते आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि बघितलं म्हणून सही करायची. साहेबांनी वर बघितलं, समोर आपण दोघं होतो. गुन्हा सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. गारगोटीच्या पुढं एका वस्तीवर नवरा, बायको आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी, तिघांना कोयत्यानं मारलं होतं. मुलीचा शाळेतला फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली. मी जीपमध्ये बसताना तुला म्हणालो होतो, "सापडला ना तो? भर चौकात लटकवला पाहिजे." आणि तू म्हणालास, "व्हय, पाहिजेच." हे तूच म्हणाला होतास, सर्जा. नंतरच्या भांडणांत तू ते विसरलास, मी विसरलो नाही.

ठाण्यात तो बाकड्यावर बसला होता. तिशीचा असेल. त्याच वस्तीजवळच्या गुऱ्हाळावर चुलीला जाळ घालायचं काम करायचा, लांबून आलेला. त्याचं नाव मला पाठ आहे, पण इथं लिहीत नाही. हवालदारांनी कागद वाचून दाखवला, की आरोपी म्हणतो, कोयता उसात लपवला आहे, चला दाखवतो. त्यानं हे आपल्यासमोर म्हटलं का? मी आठवून आठवून थकलो. कागदावर म्हटलं आहे. त्याचे ओठ हलल्याचं काही केल्या आठवत नाही.

मग जीप त्या गुऱ्हाळापाशी थांबली. मागं ऊस होता, पुरुषभर वाढलेला, आणि सरीत पाणी सोडलेलं. हवालदार माझ्या पॉलिश केलेल्या बुटांकडं बघून म्हणाले, "साहेब, तुमी कशाला चिखलात येताय? बसा की हितं. आमी आलोच घिऊन." तू विजार वर करून निघाला होतास. शेतकऱ्याचा तू, तुला चिखलाचं काय? पण मी तुझी बाही धरली. "बस रे," म्हणालो, "उसात साप-किरडू असतंय." मला खरंच सापाची भीती वाटत होती. आणि एकट्यानं बसायची लाज वाटत होती.

आपण बसलो. गुऱ्हाळाच्या मालकानं खुर्च्या दिल्या, आलं-लिंबू घातलेला रस दिला, नंतर द्रोणात ऊन ऊन काकवी दिली. सरकारी पंच म्हणजे त्यांच्यालेखी पावणंच. काहिलीवर वाफ होती, गोड वासानं डोकं जड झालं होतं, आणि तू मालकाला विचारत होतास की यंदा गुळाचा उतारा काय पडतोय. दहा मिनिटं गेली असतील किंवा वीस. ते उसातून बाहेर आले. हवालदाराच्या हातात कोयता होता. आरोपीच्या हातात बेड्या होत्या. कोयता कुणी काढला, कुठून काढला, त्यानं काढला का त्याच्या हातात दिला, का तो जीपमधूनच तिकडं गेला होता, हे आपण बघितलं नाही. शंभर पावलं होती फार तर.

आणि आपण सही केली. 'आरोपीने पुढे चालत जाऊन, आम्हां पंचांसमक्ष, पाचटाखालून कोयता काढून दिला.' कोयता गुंडाळलेल्या पुडक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरही सही केली. लाखेचं सील झालं. पहिली सही माझी, दुसरी तुझी. बोटाला काकवी लागली होती म्हणून मी आधी रुमालाला पुसली, इतका मी कागदाचा जपणारा.

मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही दिलं नव्हतं, रस सोडला तर. हवालदार वाईट माणूस नव्हता. आपला मान राखला त्यानं. एवढा मोठा गुन्हा, सगळं गाव पेटलेलं, माणूस सापडलेला, कोयता सापडलेला, त्यात मी, मधुकर कुलकर्णी, सरीतून चालत गेलो की नाही याला काय किंमत? मला असंच वाटलं. तुलाही तेव्हा तसंच वाटलं असणार, नाहीतर तू गप्प बसणारा नव्हतास.

खटला उभा राहायला अडीच वर्षं गेली. सरकारी वकिलांनी आत जायच्या आधी पंचनामा वाचायला दिला आणि मी तो पाढ्यासारखा पाठ केला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो आणि चमत्कार झाला, मला भीती वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझं ऐकत होती. आरोपी पुढं होता, आम्ही मागं होतो, त्यानं पाचट बाजूला केलं. पाचट कोणत्या हातानं बाजूला केलं तेही सांगितलं मी. उजव्या. त्याला सरकारनं दिलेली वकील, एक तरुण बाई, तिनं विचारलं, तुम्ही दोघं शेतात गेलाच नाहीत, गुऱ्हाळावर बसून राहिलात. मी म्हणालो, "हे म्हणणं खोटं आहे." आवाज न कापता. तो मागं उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी काय बोलतोय ते समजून घ्यायचा प्रयत्न करत असल्यासारखा बघत होता.

तुझी साक्ष माझ्यानंतर झाली. तू तेच बोललास, पण इतक्या हळू की न्यायाधीशांनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं.

फाशीची शिक्षा झाली. त्या मुलीचे आजोबा कोर्टाच्या पायऱ्यांवर माझे दोन्ही हात धरून रडले. "तुमच्यामुळं झालं, साहेब. माझ्या नातीला न्याय मिळाला." त्या हातांची पकड मला अजून जाणवते. ऑफिसात मी पेढे वाटले. तू पेढा घेतलास, कागदात गुंडाळलास आणि ड्रॉवरमध्ये ठेवलास. संध्याकाळी मी विचारलं, "खाल्ला नाहीस?" तू म्हणालास, "घशाखाली जाईना."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू निवृत्त झालास, मागोमाग मीही झालो, पण भांडण निवृत्त झालं नाही. रोज सकाळी तू गाडीवरून न उतरता, एक पाय खाली टेकवून, दूध मापता मापता भांडायचास. सुनंदा पातेलं धरून उभी असायची, म्हणून आपण नावं न घेता बोलायचो. तिला वाटायचं, पेपरातल्या बातम्यांवर बोलतायत.

"फाशी काढूनच टाकाय पाहिजे," तू एक दिवस म्हणालास.

"का? सहा वर्षांची पोर मारणाऱ्याला पोसायचं सरकारनं?"

"पोसूदे की. मरंस्तवर आत ठिवूदे."

"अरे, धाक नको का राहायला?"

"कोयता उचलताना कोण कायद्याचं पुस्तक वाचतंय व्हय रं?"

"आणि मेलेली तीन माणसं? ती परत येणार आहेत?"

"मग ह्याला लटकावलं की येत्यात व्हय?" तू दुधाचं माप झटकलंस. "आन् हा न्हवं असं उद्या कळलं, तर ह्यो तरी येतोय व्हय?"

मी काय काय म्हणालो तुला! म्हणालो, तुझ्या घरातलं माणूस गेलं असतं तर कळलं असतं. म्हणालो, तू आता संत झालास. म्हणालो, त्या आजोबांसमोर हे बोलून दाखव. त्यावर तू गाडीला किक मारलीस, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, त्या मुलीचा फोटो अजूनही डोळ्यांसमोर आला की मला वाटतं, ज्यानं हे केलं त्याला जगायचा काही हक्क नाही. ते माझं बदललेलं नाही. तू गेलास तरी नाही. तुझ्याशी या बाबतीत खोटं बोलणार नाही.

मग एकदा तू म्हणालास, "मधू, चल आपण त्या वकीलबाईकडं जाऊ. सांगून टाकू, आमी उसात गेलतोच न्हाय."

 त्याच दिवशी दुपारी मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडं गेलो. एका ओळखीच्याचं विचारतोय म्हणून विचारलं, की कोर्टात खोटी साक्ष दिली आणि नंतर कबूल केलं, तर काय होतं? त्यांनी चहा घेत घेत सांगितलं. खटला होऊ शकतो. फाशीच्या खटल्यात खोटी साक्ष असेल तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं. "आणि समजा," ते म्हणाले, "माणूस निर्दोष असला आणि जाणूनबुजून दिलेल्या खोट्या साक्षीमुळे खरोखर फासावर गेला, तर साक्ष देणाऱ्यालासुद्धा फाशीपर्यंत शिक्षा आहे. क्वचितच वापरतात, पण कायद्यात आहे." मग त्यांनी विचारलं, "कोण आहेत तुमचे ओळखीचे?" मी जिना उतरताना कठडा धरून उतरलो.

दुसऱ्या दिवशी तुला हे सांगितलं. तू आधी हसलास. मग हसू गेलं तुझं.

"बघ की," म्हणालास, "भर चौकात लटकावणार हुतास न्हवं? तुझी फाशी फिरून तुझ्याच दारात आली. आता सांग, ठिवायची का काढायची?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"मी सांगतो. अरं, जिथं तू आन् मी पंच हाय, तिथं फाशी ठिवून चालतंय व्हय? आपण काय वाईट हाय का? न्हाय. पर आपण चिखलात गेलो न्हाय. समद्या राज्यात असलंच पंच असत्यात, मर्दा. आपल्यासारखं. जलमठेप दे म्हणतोय मी. चूक झाली तर दार उघडून म्हणता तरी येतंय, जा बाबा घरला."

त्या वेळी मी तुझा हात धरला आणि रस्त्यात, दुधाच्या कॅनसमोर, रडायला लागलो. म्हणालो, माझी पेन्शन जाईल, सुनंदाचं काय होईल, पोलीस धरून नेतील, मी तुरुंगात एक दिवस जगणार नाही. तुला माझी शपथ घातली.  तू म्हणालास, "बरं. माझ्यामुळं तुझ्या केसाला धक्का लागायचा न्हाय. झालं समाधान?"

झालं. लाज वाटते सांगायला, पण झालं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

फाशीवर हायकोर्टाचं शिक्कामोर्तब लागतं. ते मुंबईत व्हायचं, म्हणजे माझ्यालेखी दुसऱ्या देशात. मग हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात आलं. इतक्या वर्षांची सगळ्यांची मागणी, सगळं शहर आनंदलं, फटाके वाजले, ओळखीचे वकील मला रस्त्यात मिठ्या मारत होते. मी साखर खाल्ली आणि घरी येऊन आडवा झालो. ज्या इमारतीत त्या माणसाचं ठरणार ती आता माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होती. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं. रिक्षावाल्याला लांबून घ्यायला सांगायचो. दारावरची बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचो, खाली जीप आहे का. भाजी घेताना कुणी मागून "साहेब" म्हणालं की पिशवी हातातून सुटायची. तू विचारायचास, "भागूबाई, किती वाळलास रं?" पण तो विषय तू पुन्हा काढला नाहीस. शब्दाचा पक्का. मला वाटलं, तूही सोडून दिलंस.

म्हणून फोन आला तेव्हा तसं झालं. दोघांनाच ठाऊक होतं, त्यातला एक गेला. सुटलो.

ते फार टिकलं नाही. तुझ्या दहाव्याला मी घाटावर आलो तो कावळ्याला घाबरत आलो. तुझी इच्छा राहिली असणार, कावळा शिवणार नाही, लोक एकेक करून विचारतील, म्हशी सांभाळू का, अमुक करू का, आणि शेवटी शालनवहिनी माझ्याकडं वळतील की भावजी, तुमीच सांगा, काय राहिलंय.  आणि पिंड ठेवून लोक मागं सरले न सरले तोच कावळा झेपावला. तुझ्या पोरानं डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, "काय मागं ठिवलं न्हाय गड्यानं. सुखानं गेला." सगळे मोकळे झाले. मी मात्र मोकळा झालो नाही. तुझं काही राहिलं नसेल, तर राहिलेलं सगळं माझं होतं.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. खाली जीप नव्हती. दारात ती वकीलबाई होती, तीच, माझ्या साक्षीला उलटे प्रश्न विचारणारी. हातात फाईल. म्हणाली, "काका, सर्जेरावांचं कळलं, वाईट वाटलं. ते गेल्या महिन्यात माझ्याकडे येऊन प्रतिज्ञापत्र करून गेले होते. त्यांनी सांगितलं होतं, तुम्हाला यात ओढायचं नाही, तुम्हाला भेटायचंही नाही. पण आता ते राहिले नाहीत, आणि सुनावणी जवळ आली आहे. मला आलंच पाहिजे होतं."

तिनं तुझा कागद माझ्या हातात दिला. तुझी ती लांबलचक सही खाली.

'मी शेतात गेलो नाही. गुऱ्हाळावर बसून राहिलो. माझा पाय दुखत होता. कोयता कुठून काढला ते मी पाहिले नाही. मात्र सहपंच श्री. मधुकर कुलकर्णी हे पोलिसांबरोबर उसात गेले होते. त्यांनी काय पाहिले ते मला माहीत नाही.'

सर्जा, मी हे तीनदा वाचलं. तुझा पाय कधी दुखला होता? विजार वर करून निघालेला तू. तुझ्या कागदात तू बसून राहिलास आणि मी चिखलातून चालत गेलो. साप-किरडू न बघता. तू स्वतःला खोटा साक्षीदार करून घेतलंस, म्हातारपणी कोर्टाच्या कचाट्यात मान दिलीस, आणि मला मात्र असा माणूस करून ठेवलंस जो मी एक दिवसही नव्हतो. दिलेला शब्द तू असा पाळलास.

"यानं काय होतं?" मी विचारलं.

"यानं एकट्यानं काही होत नाही," ती म्हणाली. "दोनांतला एक पंच फिरला, तरी दुसरा ठाम असला की कोर्ट बहुतेक वेळा जप्ती खरी धरून चालतं. आणि सर्जेरावांना तर आता कुणी काही विचारू शकत नाही. काका, या खटल्यात त्या रक्ताच्या कोयत्याशिवाय भक्कम असं दुसरं काही नाही. तो आरोपीनंच काढून दिला, हे पाहिलेला आता एकच माणूस आहे. तुम्ही. म्हणून विचारते. गेला होतात का?"

मी म्हणालो, मला बरं वाटत नाही, नंतर या. ती गेली. मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. काहीही न करता मी सहीसलामत सुटत होतो, हे तू बघ. तू मला निसटायला खिडकी करून ठेवली होतीस. एवढंच म्हणायचं होतं की हो, गेलो होतो. आधी म्हटलेलंच पुन्हा. आणि तो मेला असता, आणि मला कुणी बोट लावलं नसतं. पण मग त्या वरच्या वकिलांचं वाक्य डोक्यात यायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो पिंजऱ्यात उभा राहून माझ्याकडं बघतोय असं वाटायचं. रोज कुलूप वाजलं की त्याच्या पोटात काय होत असेल, हे मला आता अगदी बरोबर ठाऊक होतं. बेल वाजली की माझ्या पोटात तेच होत होतं. माझ्या भीतीला निदान कारण होतं. त्याच्या भीतीला आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि ते कळायची वाट मीच पुसून टाकली होती.

सुनंदाला आधी सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "मी येऊ का बरोबर?" आम्ही दोघं रिक्षानं गेलो. या खेपेला सरळ रस्त्यानं.

वकीलबाईनं सगळं लिहून घेतलं. मधेच तिनं हात थांबवला आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? त्यानं केलं असेल?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "असेलही. मला माहीत नाही." या सगळ्या प्रकरणात विचारल्याबरोबर मी खरं बोललो ते हे एकच वाक्य, आणि ते लिहून घ्यायचं नव्हतं.

सहीच्या आधी तिनं मला स्पष्ट सांगितलं की यावरून माझ्यावर खटला होऊ शकतो. "अटक होईल?" मी विचारलं. "होऊ शकते. खोटं आश्वासन देत नाही, काका." पहिली सही इतकी वेडीवाकडी आली की तिनं ती बाद केली, दुसरा कागद काढला. शेवटच्या परिच्छेदात असं आहे, की सहपंच कै. सर्जेराव यांनी माझ्याविषयी केलेलं विधान चुकीचं आहे, मी शेतात गेलो नव्हतो, आम्ही दोघेही गुऱ्हाळावर बसलो होतो. ते त्यात घालावंच लागलं. नाहीतर माझ्या बोलण्याला अर्थ राहत नव्हता.

हे शालनवहिनींना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून काल गडमुडशिंगीला गेलो. त्या गोठ्यात होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, बाही, शपथ, तुझा कागद, माझा कागद. त्यांनी शेणाचे हात पदराला पुसले. 

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "माझ्या मालकाची शेवटची सही तुमी खोटी पाडलीसा?"

मी म्हणालो, "व्हय, वहिनी."

"तुमच्यासाठनं केलेली?"

"व्हय."

"आन् त्या मुडदे पाडणाऱ्यापायी?"

मला सांगता आलं असतं की त्यानंच पाडले हे कुणाला ठाऊक आहे. मला तुझी सगळी वाक्यं पाठ होती. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याची मला फाशीपेक्षा जास्त भीती वाटली. गोठ्याचं दार उघडंच होतं. आजवर अशा वेळी मी काय करत आलो ते तुला ठाऊक आहे.

मी म्हणालो, "व्हय, वहिनी. त्याच्यापायी." आणि तिथंच उभा राहिलो. त्या बोलल्या, खूप बोलल्या, मग रडल्या, आणि मी पळालो नाही, सर्जा.